एका स्क्रूवर टांगलेला कॅमेरा

गिधाडांच्या घरट्याचा एक अखंड व्हिडिओ हवा होता. घरट्यातल्या पिल्लापासून सुरू होऊन खालच्या गावातल्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाणारा, मध्ये कुठेही न तुटलेला. कड्याच्या पायथ्याशी दगडखाण सुरू करायचं घाटत होतं. मागच्या सुनावणीत भाग्यश्रीनं काढलेला फोटो खाणवाल्यांच्या वकिलानं एका वाक्यात उडवून लावला होता. "हे घरटं कुठलंही असू शकतं," तो म्हणाला होता. आता घरटं आणि गाव एकाच दमात दाखवायचं होतं, आणि तेही पिल्लू उडून जायच्या आत.

भाग्यश्री चिखलीची. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती आणि सुट्टी मिळाली की डोंगरात जायची. सोबत कॉलेजपासूनचा मित्र रविराज असायचा. कॅमेरा दोघांनी मिळून घेतला होता.

कड्यासमोरच्या ज्या कपारीतून घरटं दिसतं, तिथे ट्रायपॉड उभा राहत नाही. कॅमेरा हातातच धरावा लागणार होता. म्हणून दोघं पिंपळे सौदागरच्या दुकानात केज बघायला गेले. केज म्हणजे कॅमेऱ्याभोवती बसणारी धातूची चौकट. तिला दोन्ही बाजूंना मुठी लावल्या की हात कमी हलतो. एक केज हलका, दिसायला देखणा, पण कॅमेऱ्याला खालून एकाच स्क्रूनं धरणारा. भाग्यश्रीनं तो हातात घेऊन पिळून पाहिला आणि परत ठेवला. दुसरा जरा जड होता, पण त्याच्या बुडाशी एक छोटी खुंटी होती. ती कॅमेऱ्याच्या खाचेत बसली की कॅमेरा आत फिरत नसे. बॅटरीचं झाकणही केज न काढता उघडत होतं.

"हाच," ती म्हणाली.

"वजन बघ की," रविराज म्हणाला.

"वजन मी उचलीन. फिरणारा नको."

तो केज त्यांनी घेतला. रविराजच तो घरी घेऊन गेला.

मार्चमधल्या एका पहाटे ते डोंगराखालच्या गावात पोचले. साहेबराव वाट बघत होते. त्यांचं सगळं आयुष्य त्याच डोंगरात गुरं चारण्यात गेलं होतं आणि खाण नको म्हणणाऱ्यांत ते सगळ्यात पुढे होते. रविराजनं केज कॅमेऱ्यावर बसवूनच आणला होता. वर काळी टेप गुंडाळली होती, मुठी घट्ट होत्या. "सगळं तयार आहे," तो म्हणाला आणि भाग्यश्रीनं कॅमेरा गळ्यात अडकवला. दिवसभर कंपनीत दुसऱ्यांचं काम तपासणाऱ्या मुलीला मित्राचं काम तपासावंसं वाटलं नाही.

वाळलेल्या कारवीतून वाट चढत होती. पानं पायाखाली कुरकुरत होती आणि खाली कुठेतरी मोर ओरडत होता. पहिल्या टेपाडावर साहेबराव एकदम थांबले. समोरच्या कातळाला आग्या मोहोळ लागलं होतं, आणि वाट अगदी त्याच्याखालून जात होती.

"हितून न्हाई जायचं," ते हळूच म्हणाले. "वारं आपल्याकडनं तिकडं हाय. आपला वास गेला तर सोडणार न्हाईत."

मग घळीतून वळसा. घळ म्हणजे नुसता सुटा मुरूम! एक पाऊल वर टाकावं, तर दोन खाली. भाग्यश्रीचे गुडघे सोलले. रविराजची पाण्याची बाटली निसटली आणि दगडांवर आपटत खाली नाहीशी झाली. तिघं उरलेलं पाणी घोटघोट वाटून प्यायले. वर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

पण समोर, दरीपलीकडच्या कड्यावर, पांढऱ्या विष्ठेचे लांब ओघळ होते, आणि त्यांच्या वर घरटं. त्यात करडं, बोजड पिल्लू पंख पसरून उभं होतं.

भाग्यश्रीनं कमरेला दोर बांधला. रविराजनं तो अंजनीच्या खोडाला एक वेढा देऊन हातात धरला. ती कपारीत उतरली. तिच्या टोकाला पाय ठेवायला वीतभर जागा. तिनं दोन्ही मुठी धरून कॅमेरा उचलला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. पिल्लू दिसलं. कडा सरकू लागला. आणखी थोडं. ती कमरेतून वळली.

मुठी वळल्या. कॅमेरा वळला नाही!

तो केजमध्येच गर्रकन फिरला. सगळा भार एकीकडे गेला. तिनं सावरायला हात टाकला आणि पाय सुटला. क्षणभर खाली काहीच नव्हतं. दोराचा हिसका कमरेत बसला. कॅमेरा कातळावर आदळून गळ्यातल्या पट्ट्याला लोंबकळला.

"धर, धर रं!" साहेबराव ओरडले आणि त्यांनीही दोराला हात घातला. दोघांनी मिळून तिला वर ओढलं.

श्वास जागेवर आल्यावर तिनं केजवरची टेप सोलली. खाली खुंटी नव्हती. एकच स्क्रू होता आणि त्याच्याभोवती घासल्याची चकचकीत गोल रेघ.

"हा आपला नाही," ती म्हणाली.

रविराजचे तळवे दोरानं सोलले होते. तो त्यांच्याकडेच बघत होता. "आपला सिद्धेशकडे आहे, तो व्हिडिओ शूट करतो ना, त्याच्याकडे. हिंजवडीत त्याचं शूट होतं. मी आता त्याच्याबरोबरच काम करणार आहे, भाग्यश्री. सांगणार होतो. त्यानं हा दिला. म्हटलं, तसाच तर आहे."

"मग टेप कशाला लावलीस?"

त्यानं सोललेला तळवा पँटला पुसला.

"हा फिरतो, हे माहीत होतं तुला?"

"एकदा फिरला होता माझ्या हातात. मी स्क्रू आवळला नंतर. वाटलं, धरेल."

"आणि मला कपारीत उतरू दिलंस."

"मी दोर सोडला नाही ना!"

ते खरं होतं. तिला रडू आलं ते त्यामुळेच. सरळ शत्रू असता, तर सोपं गेलं असतं.

तिनं नाण्यानं स्क्रू काढला आणि केज बाजूला ठेवला. कॅमेऱ्याचा एक कोपरा चेपला होता, पण तो चालू झाला. ती उठली.

"परत जातेस?" रविराजनं दोराकडे हात नेला.

"दोर काका धरतील."

साहेबरावांनी दोर घेतला, खोडाला दोन वेढे दिले आणि पाय रोवून बसले. या वेळी ती उभी राहिली नाही. टोकापासून मागे, कपार रुंद होती तिथे पोटावर आडवी झाली, कोपरं कातळाला टेकवली, गळ्यातला पट्टा ताणून कॅमेरा गालाशी दाबला. श्वास धरला. पिल्लू, कडा, दरी, कारवीचा उतार, घरांची छपरं आणि शेवटी निळी टाकी. चित्र थोडं थरथरलं, पण तुटलं नाही.

उतरताना भाग्यश्री साहेबरावांच्या मागोमाग चालली. चाकणच्या चौकात ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली, तेव्हा भाग्यश्री दार उघडून खाली उतरली.

"घरी सोडतो ना," रविराज म्हणाला.

"नको. जाईन मी."

सुनावणीत व्हिडिओ दोनदा लावला गेला. या वेळी वकिलाला कुठलं घरटं, असं विचारता आलं नाही. खाणीची परवानगी थांबली आणि जागेची पाहणी करायचं ठरलं.

काही दिवसांनी, ती कंपनीच्या गेटवर असताना, साहेबरावांचा फोन आला.

"पिल्लू उडालं बाई. म्या सोता बघितलं. आधी जरा कलंडलं, मंग गेलं बघा झकास."

ती हसली. फोन ठेवला आणि ही बातमी सांगायला सवयीनं दुसरा नंबर काढला. बोट रविराजच्या नावावर थांबलं. मागून कुणीतरी "मॅडम, चला," म्हणालं. तिनं फोन खिशात टाकला आणि ती शिफ्टला आत गेली.