नऊ नंबरचं विमान

आमच्या हॅरोबेकमध्ये शुक्रवारी धो धो पाऊस झाला की शनिवारी सकाळी ज्याच्या घरी बागकामाचा काटा असेल तो घेऊन फुटबॉलच्या मैदानावर हजर होतो. चिखलात काटा खुपसायचा, जरा हलवायचा, काढायचा, एक पाऊल मागे सरकायचं. पाणी जिरलं तर ठीक. नाहीतर रेफरी येतो, बुटाच्या टोकाने गवत दाबून बघतो आणि मान हलवून सामना रद्द करतो. मग चहाच्या टपरीवाल्या मॉरीनचे सॉसेज रोल आठवडाभर आमच्याच गळ्यात पडतात.

त्या सकाळी गोलच्या समोरच एक अनोळखी बुवा मन मानेल तिथे काटा खुपसत होता. माझ्याने राहवेना.

"अहो, काय चाललंय? केक शिजलाय का बघताय?"

त्याने वर पाहिलं. भिजलेले केस नाकापर्यंत आले होते, त्यामुळे एकच डोळा दिसत होता… आणि तो डोळा हसत होता.

"मग कसं करायचं?"

"सरळ ओळीत. खोल घालायचा, मागे रेलायचं, काढायचा. कधी काटा हातात धरला नाही वाटतं?"

"धरतो की. जेवताना."

मी हसू दाबलं आणि त्याला माझ्या शेजारच्या ओळीला लावलं. मला लहानपणापासून चौकशीची खोड. काम करता करता माझं सुरू झालं – कुठले, कुणाकडे आलात, कशाने आलात? तो सकाळच्या एकुलत्या एक बसने आला होता, एवढंच हाती लागलं.

"पण कुणाचे पाहुणे?"

"तुमचाच," तो म्हणाला. "दुपारी कळेल."

दुपारी कळलं. माझी जागा टपरीच्या डोक्यावर, लोखंडी शिडी चढून जायच्या लाकडी खोलीत. तिथून मी लाउडस्पीकरवर संघ जाहीर करते. आमचा संघ मैदानात उतरला, तेव्हा नऊ नंबरचा शर्ट घातलेल्या माणसाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हवेतच काटा खुपसून दाखवला. सकाळपासून मी ज्याला राबवत होते तो आमचा नवा स्ट्रायकर होता! लायल ऑर्मरॉड हे साधं नाव उच्चारताना मी दोनदा अडखळले, आणि खाली बाबा खो खो हसले.

बाबा म्हणजे माझ्याआधीचे निवेदक. त्यांचा घसा बसला तो कायमचा, आणि माईक माझ्याकडे आला. त्यांनी मला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. "ब्रायनी, आपला गोल झाला की नाव असं ताणायचं की गावाबाहेरच्या मेंढ्यांना कळलं पाहिजे. पाहुण्यांचा झाला तर बसचं वेळापत्रक वाचल्यासारखं वाचायचं. त्यांच्या नावात मीठ घालायचं नाही, पोरी." इंग्लंडच्या खालच्या लीगमधल्या कुठल्याही मैदानावर जा, तिथला निवेदक हेच करताना दिसेल.

लायल आम्हाला उसना मिळाला होता. मोठ्या क्लबात त्याला कुणी खेळवत नव्हतं, म्हणून वसंत संपेपर्यंत आमच्याकडे धाडला होता, शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तसा. शनिवारी गोल करायचा आणि बाकीचे दिवस लोकांच्या घरात गालिचे बसवायचा. या लीगमध्ये नुसत्या गोलांवर कुणाची चूल पेटत नाही. मीही आठवडाभर चष्म्याच्या दुकानात बसते.

सामना संपला की तो चहाचे दोन कप घेऊन शिडी चढू लागला. पहिल्यांदा आला तेव्हा मी विचारलं, "दुसरा कप कुणाला?"

"मॉरीन म्हणाली, वर एक बाई राहते, ती प्रश्न विचारून विचारून घसा कोरडा करून घेते."

"मॉरीनला बघतेच मी!"

"आधी चहा घे. मग बघ."

दर शनिवारी असंच. मी प्रश्न विचारायचे, तो निम्म्यांची उत्तरं द्यायचा आणि उरलेल्यांच्या वेळी कपात बघायचा. गुडघा का दुखतो, ते सांगितलं – गालिच्यांमुळे. आई कुठे असते, तेही सांगितलं. इतके क्लब का बदललेस, म्हटल्यावर मात्र… कप.

मग आमचा सामना ब्लेकरिगला लागला. हा त्याचा जुना क्लब. आपल्या जुन्या क्लबविरुद्ध गोल केला तर स्ट्रायकर आनंद करत नाही. हात खाली ठेवतो, मान खाली घालून मधल्या वर्तुळाकडे चालत येतो. तिथलं मीठ खाल्लेलं असतं ना! हे कुठे लिहिलेलं नाही, पण पोराटोरांनाही माहीत असतं.

लायलने गोल केला आणि दोन्ही हात विमानाच्या पंखांसारखे पसरून ब्लेकरिगच्या प्रेक्षकांसमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला. त्यांच्यातल्या एकाने अर्धा खाल्लेला सॉसेज रोल फेकून मारला. आमची मंडळी हसून हसून बेजार झाली. मला मात्र हसू आलं नाही. असं का केलं असेल याने?

आमच्याकडे खेळाडू आणि समर्थक एकाच बसने परततात, दोन बस परवडत नाहीत. मी बाबांना खिडकीजवळ बसवलं आणि सरळ लायलच्या शेजारी जाऊन बसले.

"आली," तो म्हणाला. "विचार."

"विमान का?"

"आवडतं मला."

"खोटं."

खिडकीवर पावसाचे ओघळ वाहत होते. तो त्यांच्याकडे बघू लागला. या वेळी हातात कप नव्हता ना…

"हात खाली कोण ठेवतो, ब्रायनी? ज्याचं तिथे काहीतरी मागे राहिलेलं असतं तो. ब्लेकरिगला मी दोन वर्षं खेळलो. निघालो त्या दिवशी कुणी साधं विचारलं नाही, कुठे चाललास म्हणून. त्याच्या आधीच्या गावातही तेच. सगळ्याच गावांत तेच. मग मी कशाला खोटं दुःख दाखवू? विमान येतं, विमान जातं."

काहीतरी हलकंफुलकं बोलावं म्हणून मी म्हणाले, "विमानाला उतरायला जागा लागते पण."

"चिखल असला तर?"

"आमच्याकडे काटे आहेत."

तो हसला. त्याचा हात माझ्या हाताच्या अगदी जवळ, सीटच्या कडेवर होता. त्याने तो उचलला नाही, आणि मीही माझा काढला नाही. हॅरोबेक येईपर्यंत मागच्या सीटवर मॉरीन उगाचच गाणं गुणगुणत होती.

वसंत संपला. उसनी साखर परत करायची वेळ आली. मोठ्या क्लबाने त्याला मोकळं केलं, पण आमच्या क्लबाची त्याला ठेवून घ्यायची ऐपत नव्हती, आणि शेजारच्या स्टेनफर्थने त्याला दोन वर्षांचा करार दिला. स्टेनफर्थ आणि हॅरोबेकचं विळ्याभोपळ्याचं सख्य. बाबा तिथल्या बेकरीचा पावसुद्धा घरात येऊ देत नाहीत.

निरोपाच्या दिवशी तो बॅग घेऊन बसथांब्यावर उभा होता. मी दुकानातून धावत आले, डोक्यावर गिऱ्हाईकाचा चष्मा तसाच.

"कुठे चाललास?" मी विचारलं.

"तुला माहीत आहे की."

"माहीत आहे. पण कुणीतरी विचारायला हवं ना."

मला म्हणायचं होतं – जाऊ नको. पण करार सोडून राहा असं मी कुठल्या तोंडाने सांगणार? आणि त्याच्या मनात काही नसलंच तर? त्याने फक्त माझ्या डोक्यावरचा चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"आमच्याविरुद्ध गोल केलास तर विमान करशील?" मी शेवटी विचारलं.

"गोल तर होऊ दे," तो म्हणाला, आणि बस आली.

उन्हाळाभर त्याचे निरोप येत होते. आज जिन्यावरचा गालिचा, आज गुडघा बरा, मॉरीनला नमस्कार. त्यात माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि मी परत विचारलं नाही. मी! चौकशीशिवाय ज्या बाईचा चहा पचत नाही ती! उत्तराची भीती वाटत होती, दुसरं काय…

शरदात करंडक स्पर्धेच्या सामन्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या. हॅरोबेकची गाठ स्टेनफर्थशी, आमच्याच मैदानावर. हरेल तो स्पर्धेतून बाहेर.

सगळं गाव लोटलं होतं. पाहुण्यांचा संघ वाचताना नऊ नंबरवर आले आणि मी त्याचं नाव कोरडं ठणठणीत वाचलं. शिस्त म्हणजे शिस्त. त्याने वर पाहिलं, पण आज हवेत काटा खुपसला नाही.

सामना एक-एक असा रखडला. शेवटची काही मिनिटं उरली असताना उजवीकडून चेंडू उंच आला. आमचा गोलकीपर घसरला. लायलने गुडघ्याची पर्वा न करता झेप घेतली आणि डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. त्याच गोलमध्ये, ज्याच्या समोर आम्ही पहिल्यांदा भेटलो होतो.

स्टेनफर्थवाले किंचाळत होते. आमचे सगळे श्वास रोखून बघत होते, आता विमान निघणार. मॉरीनने खाली सॉसेज रोल उगारून तयार ठेवला होता.

तो उठला. त्याचे सवंगडी अंगावर झेपावले, त्यांना त्याने हळूच बाजूला सारलं. दोन्ही हात शरीराशी, खाली. मान खाली. चिखलातून एकटा मधल्या वर्तुळाकडे चालत आला, आणि तिथे थांबून त्याने माझ्या खोलीकडे पाहिलं.

मॉरीनचा हात हवेतच राहिला. मैदान एवढं शांत झालं की टपरीतली किटली ऐकू येत होती.

आता मला बोलायचं होतं. बसचं वेळापत्रक. मी माईकचं बटण दाबलं. समोरचं सगळं धूसर झालं होतं.

"गोल… स्टेनफर्थचा गोल…" इथवर आवाज बरोबर कोरडा होता. "नऊ नंबर… लाऽऽऽयल ऑर्मरॉऽऽऽड!"

गावाबाहेरच्या मेंढ्यांनी नक्की ऐकलं असणार. बाबांनी डोक्याला हात लावला. कुणीतरी ओरडलं, "ब्रायनी, शुद्धीवर आहेस ना?" आधी हुर्यो झाली, मग हशा पिकला, आणि मग कुठल्यातरी कोपऱ्यातून टाळ्या सुरू झाल्या. आम्ही सामना हरत होतो, आणि हॅरोबेक टाळ्या वाजवत होतं.

सामना संपल्यावर शिडी वाजली. तो दारात उभा, नखशिखांत चिखल, दोन्ही हातांत चहाचे कप.

"आज आवाजात मीठ होतं," तो म्हणाला.

"आणि तुझे हात खाली होते. का?"

"माहीत आहे तुला."

"मला ऐकायचंय."

त्याने कप टेबलावर ठेवले. म्हणजे आज कपात बघायचं नव्हतं.

"माझं इथे काहीतरी राहिलंय, ब्रायनी."

"काय राहिलंय?"

"किती प्रश्न गं… तू राहिली आहेस! सगळा उन्हाळा मी लोकांच्या घरात गालिचे पसरत होतो आणि प्रत्येक घरात तुला बघत होतो. माझं प्रेम आहे तुझ्यावर. पुरे, का आणखी विचारायचंय?"

आयुष्यात पहिल्यांदा मला एकही प्रश्न सुचला नाही. "माझंही," एवढंच कसंबसं बोलले.

"स्टेनफर्थचा पाव घरात येणार नाही हं!" खालून बाबांचा घोगरा आवाज आला. "माणूस आला तर चालेल!"

लायल हसला, आणि त्याने हात पसरले. मघाशी मैदानात आवरून धरलेलं ते विमान. पण माझी खोली केवढीशी! एक पंख माईकला लागला, दुसरा भिंतीला, एक कप लवंडला. पसरायला जागाच नव्हती, म्हणून ते दोन्ही चिखलाचे पंख माझ्याभोवती मिटले.