उत्तरेकडची काच

"जरा हे टोक धरता?"

वर न बघताच त्यानं मोजपट्टीचं टोक माझ्या हातात दिलं, आणि मी ते मुकाट्यानं धरलंही. लाकडाची ती जुनी वखार पाडायची नव्हती. तिचे खांब, विटांची जाळी तशीच ठेवून खाली दुकानं, वर घरं असं नवं बांधकाम तिच्यातच बसवायचं होतं. तो इंजिनियर. मोजून झाल्यावर कुठे त्यानं मान वर केली, नि मी मालकांच्या ऑफिसातली का, असं विचारलं. मी आर्किटेक्ट आहे, जुना भाग माझ्याकडेच आहे, हे ऐकून तो कानापर्यंत लाल झाला… आणि मी तिथेच विरघळले.

आठवड्याभरात आमचं अहो-जाहो संपलं. महिन्याभरानं दर्शनी भागाचं डिझाइन करायला काचवाली आली.

नाव मी ठेवलेलं, अर्थात मनातल्या मनात. दर्शनी बाजू पूर्ण काचेची करू, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला आतले जुने खांब दिसतील, असं तिनं सुचवलं. कल्पना चांगली होती, म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाईट असती तर मी तिच्याशी किती गोड वागले असते! आणि आता मोजपट्टीचं टोक तिच्या हातात असायचं. दोघं हसत हसत आकडे सांगायचे. आकड्यांत हसण्यासारखं काय असतं, देव जाणे. घरी माझी ताई म्हणाली, सरळ त्याच्याशी बोल. मी बोलणंच बंद केलं.

त्याऐवजी मी उन्हाचा अभ्यास मांडला. चौदा पानं, तक्त्यांसकट. निष्कर्ष एकच — काचेवर दिवसभर ऊन, दुकानांची भट्टी होणार. तपासणीची सही त्याची लागायची. त्यानं केली, मी त्याच्याकडे न बघता फाइल उचलली.

बैठक वखारीतच होती. मालकांनी फाइल मिटली. काच रद्द, आणि तिचं काम इथेच थांबवू, म्हणाले. ती वाद घालेल असं मला वाटलं होतं. ती नुसती आपले नकाशे गुंडाळायला लागली. "माझ्या कसं लक्षात आलं नाही…" एवढंच पुटपुटली.

मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी समोर बघितलं. हिवाळ्यातली भर दुपार होती. मागच्या भिंतीच्या जाळीतून ऊन नुसतं आत ओतत होतं, आणि समोर, काच बसायची होती तिथे, उन्हाचा टिपूससुद्धा नव्हता.

मी फाइल ओढून नकाशा उघडला. जुन्या नकाशात उत्तर खालच्या बाजूला होती, मी ती वर धरली होती. कुणालाच कळलं नव्हतं. मी गप्प बसले असते, तर ती गेली असती, आणि पुढची दोन वर्षं साइटवर तो नि मी. ती दोन वर्षं मी डोळ्यांसमोर आणलीसुद्धा.

"थांबा," मी म्हटलं. "उत्तर-दक्षिण माझ्याकडून उलटी झालीय. तिची काच बरोबर आहे. दिवसभर मऊ उजेड मिळेल."

इतकी मोठी चूक कशी झाली, मालकांनी विचारलं. घाई झाली म्हटलं असतं तर चाललं असतं.

"मला ती इथून जायला हवी होती, म्हणून मी काही तपासलंच नाही. मी — जळत होते."

मालक चष्मा पुसत बसले. तो पुढे आला.

"सही माझी आहे. मी एक पानही उघडलं नव्हतं."

"का?" मी विचारलं.

"आठवडाभर तू बोलत नव्हतीस. वाटलं, पटकन सही केली तर निदान थँक्यू म्हणशील…"

काचवालीनं नकाशा पुन्हा उलगडला, आणि मागची भिंत दाखवते म्हणत मालकांना अक्षरशः ओढत नेलं. जाताना ती माझ्याकडे बघून हसली. ती मला आवडायला लागली, याचाही थोडा रागच आला.

"मग?" तो म्हणाला. "आता तरी बोल."

"सगळ्यांसमोर बोलले की."

"ते मालकांना सांगितलंस. मला कुठे सांगितलंस?"

मग त्यालाही सांगितलं, त्याच्याकडे बघून.