उष्टं

पोटाचं ऑपरेशन म्हणजे कापाकापी, हे त्या काळात फक्त म्हाताऱ्या माणसांना आठवत असे. आता तोंडावाटे एक बारीक नळी आत जाई, जठराच्या वरच्या बाजूला चुणी घालून छोटासा कप्पा शिवला जाई, त्या कप्प्यात तृप्तिबीज पेरलं जाई आणि दुसऱ्या दिवशी माणूस आपल्या पायांनी घरी. ना टाका दिसायचा, ना व्रण. त्यामुळे हे ऑपरेशन केल्याचं कुणी सांगतही नसे. सोलापुरात बीज घेतलेली माणसं शेकड्यांनी असतील, पण विचारायला जावं तर जो तो म्हणे, रोज पहाटे चालायला जातो आणि रात्रीचा भात सोडलाय.

तृप्तिबीज म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेले जिवाणू. जेवताना पोट भरत आलं की आतडं मेंदूला एक रासायनिक निरोप धाडतं, आता पुरे. काहींच्या शरीरात हा निरोप उशिरा निघतो, काहींच्या शरीरात तो मेंदूपर्यंत पोचता पोचता विरून जातो. अशा माणसाला खादाड म्हणणं म्हणजे कमी ऐकू येणाऱ्याला उद्धट म्हणण्यासारखं आहे. बीजाचे जिवाणू अन्नाचा स्पर्श होताच तोच निरोप स्वतः तयार करत आणि चार घासांत माणसाचं समाधान होई.

शर्वरी होनरावला हे सगळं डॉ. वैजयंती कुडाळकरांनी कागदावर जठराचं चित्र काढून समजावलं होतं. कुडाळकरबाई नुसत्या शल्यचिकित्सक नव्हत्या. बीज घडवणाऱ्या संशोधकांत त्या होत्या आणि आपल्या जिवाणूंबद्दल त्या लेकरांबद्दल बोलावं तशा बोलत.

"कप्प्यातच का ठेवायचे त्यांना?" शर्वरीने विचारलं होतं. ती वकील होती, प्रश्न विचारल्याशिवाय सही करणाऱ्यांतली नव्हती.

"जठरातल्या आम्लात ते जगत नाहीत. कप्प्यात आम्ल पोचत नाही. म्हणजे कप्प्याएवढेच ते वाढणार आणि कप्प्याबाहेर पडले की मरणार. कुंपण तुमचंच शरीर घालतं."

मग कागद बाजूला सारून बाईंनी विचारलं, की हे घरी कुणाकुणाला सांगणार. शर्वरी म्हणाली, नवऱ्याला माहीत आहे, बाकी कुणाला नाही. पुढे बाई काही बोलणार, तेवढ्यात तिनेच सुरू केलं.

"डॉक्टर, मी चौथीत असल्यापासून माझ्या शरीरावर अख्ख्या गावाने मत दिलंय. शाळेतल्या बाईंनी दिलं, शिंप्याने दिलं, बघायला आलेल्या पाहुण्यांनी दिलं. परवा भर कोर्टात न्यायाधीश म्हणाले, युक्तिवाद वजनदार आहे, आणि समोरचा वकीलसुद्धा हसला. यांतल्या कुणाला मी काही विचारलं नव्हतं. आता सांगायला तरी का जाऊ?"

घरी तिने पुण्याला कामाला जाते म्हणून सांगितलं आणि ऑपरेशन करून आली.

पुढच्या काही महिन्यांत शर्वरी उतरली. लोक विचारू लागले. ते पुण्याचं एक सोडलं तर ती खोटं बोलली नाही. पहाटेच्या चालण्याच्या, सोडलेल्या भाताच्या गोष्टी तिने कुणाला ऐकवल्या नाहीत. कुणी फारच खोदून विचारलं तर ती शांतपणे म्हणे, तुम्हाला काय करायचंय? समोरच्याला राग येई आणि शर्वरीला बरं वाटे. इतकी वर्षं राग गिळायची पाळी तिची होती.

अडचण झाली ती सासूबाईंच्या कौतुकाची. ज्योत्स्नाबाईंनी आजवर सुनेला ताटावर बसल्या बसल्या टोमणे मारले होते. आता त्याच बाई भिशीत, शेजारी, फोनवर सांगत सुटल्या, आमच्या शर्वरीने मनात आणलं आणि करून दाखवलं, याला म्हणतात जिद्द. शर्वरी ते ऐके आणि कामाला लागे. टोमण्यांना उत्तर देणं तिला आता जमलं असतं. कौतुकाला काय उत्तर द्यावं ते सुचत नव्हतं.

तिचा नवरा अद्वैत म्हणे, आई खूश आहे, तू खूश आहेस, चाललंय ते चालू दे.

एकच गोष्ट ज्योत्स्नाबाईंना खपत नसे. शर्वरीच्या ताटात आता रोज उरे. अर्धी भाकरी, वाटीत तळाशी डाळ, शेंगाचटणी. अन्न टाकणं ही त्या बाईंच्या लेखी चोरीहून वाईट गोष्ट. "आण इकडे," म्हणत त्या सुनेचं ताट पुढ्यात ओढत आणि उरलेलं संपवून टाकत. ज्या सासूने कधी सुनेच्या भांड्यातलं पाणी घेतलं नव्हतं, ती आता तिचं उष्टं खात होती. शर्वरीला त्यात एक माया वाटू लागली होती.

दिवाळीनंतर ज्योत्स्नाबाईंचं जेवण कमी झालं. आधी कुणी लक्ष दिलं नाही, वयोमान म्हणून सोडून दिलं. मग बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. तपासण्या झाल्या, त्यांत काही सापडलं नाही. संक्रांतीपर्यंत बाई दिवसाला दोन चमचे पेज घेऊ लागल्या आणि एका सकाळी न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात शर्वरीने पेजेचा चमचा पुढे केला, तर त्यांनी तोंड फिरवलं.

"नको गं. भूक नाही असं नाही... पोट भरलंय. आत्ताच पोटभर जेवून उठल्यासारखं वाटतंय."

शर्वरीने चमचा वाटीत ठेवला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा जेवली, तेव्हा अद्वैतला तिने अगदी हेच शब्द सांगितले होते.

ती तडक कुडाळकरबाईंकडे गेली. बाईंनी सगळं ऐकलं, आणि त्यांचा चेहरा बोलायच्या आधीच बोलला.

"त्या ॲसिडिटीची गोळी घेतात का?"

"रोज सकाळी. कितीतरी वर्षांपासून. कोण घेत नाही?"

बाईंनी पुन्हा कागद ओढला, पण चित्र काही काढलं नाही. ढेकरेबरोबर थोडे जिवाणू तोंडात येतात, थुंकीत उतरतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यात भीती नव्हती, कारण दुसऱ्याच्या पोटात गेले की आम्लाने मरायचे. पण रोज गोळी घेऊन ज्याचं आम्ल मारून टाकलेलं आहे, त्याच्या पोटात त्यांना मारणार कोण?

"तुमच्या पोटात त्यांना कप्प्याएवढी जागा आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या सासूबाईंचं अख्खं पोटच कप्पा झालंय. तिथे ते वाढतच राहणार."

उपाय होता. जिवाणू मारणारी गोळी आठवडाभर द्यायची आणि ॲसिडिटीची बंद करायची. वेळेत दिली तर माणूस वाचतो. बाईंनी गोळ्या दिल्या आणि खाली बघत म्हणाल्या, की हे सासूबाईंना सांगितलंच पाहिजे असं नाही. इतर गोळ्यांबरोबर देता येईल. बीज बनवणाऱ्या संस्थेलाही आधी पूर्ण तपास करायचा आहे, तोवर गवगवा होऊ नये असं वरच्यांचं मत पडेल.

"आणि बाकीचे? ज्यांनी बीज घेतलंय आणि ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत?"

"त्यांना आम्ही तपासायला बोलावू. हळूहळू."

"ते येतील, आणि घरी सांगतील पुण्याला कामाला चाललोय," शर्वरी म्हणाली.

संध्याकाळी अद्वैतनेही तेच सुचवलं. आईला औषध दे, ती बरी होईल, बोभाटा कशाला? लोक तुला फाडून खातील. तो बायकोच्या काळजीने बोलत होता, हे शर्वरीला कळत होतं, म्हणून ती चिडली नाही. पण ती त्याला म्हणाली, की आपलं शरीर आपल्या मालकीचं असं मी म्हणत आले. आता माझ्या पोटातली गोष्ट आईंच्या पोटात गेलीय. ती नुसती माझी कशी राहिली? त्यांच्या पोटात काय आहे हे त्यांना न सांगता मी गोळी चारली, तर त्या शिंप्यात आणि माझ्यात फरक काय?

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिने सासूबाईंना सांगितलं. नणंद गार्गी शेजारी बसली होती. तिला बाहेर जायला सांगता आलं असतं, शर्वरीने सांगितलं नाही.

ज्योत्स्नाबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. गार्गीच उसळली. इतके महिने आम्हाला फसवलंस, आईला मारायला निघाली होतीस, असं बरंच काही ती बोलली.

"आईंना त्रास झाला तो माझ्यामुळे. तो गुन्हा माझा, मी तो कबूल करते," शर्वरी म्हणाली. "पण फसवलं नाही, ताई. सांगितलं नाही. मी विचारल्याशिवाय कुणी काही बोललं नसतं, तर मीही विचारल्यावर सांगितलं असतं."

ज्योत्स्नाबाईंनी डोळे उघडले. "मी चार लोकांत तुझी जिद्द म्हणून सांगत होते."

"जिद्दच आहे, आई. ऑपरेशन करून घ्यायलाही ती लागते."

म्हातारीने सुनेकडे रोखून पाहिलं. मग हात पुढे केला. "आण ती गोळी."

महिनाभरात ज्योत्स्नाबाई पुन्हा भाकरी मोडू लागल्या. पण शर्वरी तेवढ्यावर थांबली नाही. तिने गावातल्या वाहिनीवर आपल्या नावाने, तोंड न झाकता सगळं सांगितलं. मी बीज घेतलंय. मला त्याची लाज नाही. ज्यांनी घेतलंय त्यांनी आपल्याबरोबर जेवणाऱ्यांना सांगा, आपलं उष्टं कुणाला देऊ नका. आणि ज्यांना वाटतं की मी आळशी म्हणून सोपी वाट धरली, त्यांनी आपलं मत आपल्या घरी ठेवावं.

तिला वाटलं होतं, एक बोलली की दहा बोलतील. कुणी बोललं नाही. अख्ख्या सोलापुरात बीज घेतलेली बाई एकच उरली, शर्वरी होनराव. बाकीचे सगळे पहाटे चालायला जात राहिले.

आणि मग लोक येऊ लागले.

आधी शर्वरीला वाटलं, भांडायला येत आहेत. कोर्टातली एक वकीलबाई डबा घेऊन तिच्या टेबलाशी बसली आणि आग्रहाने तिला आपल्या डब्यातलं खायला लावू लागली, अर्धंच खा म्हणाली. शेजारचे गृहस्थ, ज्यांनी तिला जिना चढताना पाहून वर्षानुवर्षं विनोद केले होते, ते शिऱ्याची वाटी घेऊन आले आणि वाटी न्यायला पुन्हा लगेच आले, न धुता द्या म्हणाले. कुणाला काय हवंय हे कळल्यावर शर्वरीने दारातच सांगायला सुरुवात केली. कप्पा नसेल तर बीज आवरत नाही, माझी सासू मरता मरता वाचली. लोक ऐकून घेत, मान डोलावत, आणि वाटीकडे बघत राहत.

गार्गीने आई बरी झाली म्हणून सगळ्यांना जेवायला बोलावलं, तेव्हा शर्वरीशेजारी तिची भाची, गार्गीची मुलगी मिहिका बसली होती. एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी, अंगाने भरलेली आणि त्यासाठी सकाळ-संध्याकाळ आईची बोलणी खाणारी. शर्वरीचा तिच्यावर जीव होता. जेवण होताच मिहिका म्हणाली, "मामी, तुम्ही हात धुवा, ताट मी उचलते."

तिच्या पाण्याच्या भांड्याशेजारी ॲसिडिटीच्या गोळ्यांचं पाकीट होतं. निम्मं संपलेलं.

"तुला ॲसिडिटी आहे?" शर्वरीने विचारलं.

मिहिकाने मान हलवली. नाही.

स्वयंपाकघराच्या दारात गार्गी उभी होती. तिने पाकीट पाहिलं होतं. तिला नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

"तुला करायचं असेल तर मी स्वतः तुला कुडाळकरबाईंकडे घेऊन जाते," शर्वरी हळू आवाजात म्हणाली. "नको असेल तर अशीच राहा, तुला बोलणाऱ्यांशी मी भांडेन. सांगायचं की नाही तेही तूच ठरव. पण हे नाही."

"दवाखान्यात गेलं की ते आपण केलं असं होतं, मामी." मिहिकाचे डोळे ताटावरून हलत नव्हते. तिथे पाव पोळी आणि थोडी भाजी उरली होती. "तुमचं उष्टं खाल्लं, तर कुणी काही केलंच नाही. आपोआप झालं."

शर्वरीने आपलं पाण्याचं भांडं उचललं आणि सगळ्यांच्या देखत ताटात ओतलं. पोळी भिजून फुगली, भाजी तरंगू लागली. त्याच ताटात तिने हात धुतले. ज्योत्स्नाबाईंनी ताटाकडे हात नेला आणि मागे घेतला. मिहिका रडू लागली, आणि गार्गी आत निघून गेली. शर्वरीने ताट स्वतः नेलं आणि साबण लावून घासलं.

तेव्हापासून ती कुठेही जेवली तरी उठण्याआधी ताटात पाणी ओतते. अन्नाचा अपमान करते, असं लोक म्हणतात. ती म्हणते, म्हणू देत. लग्नाकार्यात तिच्या शेजारची खुर्ची मात्र सगळ्यांत आधी भरते.