चिंचेतला खिळा

त्या सकाळी मी सीताबर्डीत फक्त धागा घ्यायला गेलो होतो. निळा, रेशमी, एक रीळ. एकोणऐंशीचा मे महिना. दुकानदार पंख्याखाली पेंगत होता. सुरुवात इतकी साधी होती.

मी तेव्हा इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायचो आणि जग दोन वर्षांत बदलेल अशी माझी खात्री होती. तिळाएवढा लोखंडी दाणा शरीरात सोडायचा आणि चाकू न लावता, बाहेरून विजेच्या चुंबकाने हवा तिकडे न्यायचा, हे माझं यंत्र. माझा मित्र डॉ. कृष्णकांत याच्या वॉर्डात देवराव होता. साबणाच्या कारखान्यात पाणी समजून कॉस्टिक सोडा प्यायलेला. अन्ननळी आवळत जाऊन केसाएवढी वाट उरली होती. पोटाला भोक पाडून नळीने दूध घालायचे. त्या उन्हात त्याला पाण्याचा घोटही उतरत नव्हता. दाण्याला धागा बांधून त्या वाटेने खाली न्यायचा, पोटाच्या भोकातून बाहेर काढायचा आणि मग धाग्यावरून जाड नळ्या ओढून वाट रुंद करायची, असं ठरलं.

"मास्तर, गळ टाकून राहिले का गा?" देवराव हसला. "मासा नाही भेटनार. तळं कोरडं हाय."

त्याची बायको प्रयागबाई पायाशी बसली होती. तिने दाणा तळहातावर घेतला. "लोखंड कुठचं हाय?"

मी अभिमानाने सांगितलं. कळमेश्वरच्या रस्त्यावर कारखान्यांसाठी एक चिंच तोडायची होती. मांत्रिकाने तिच्यात खिळा ठोकून भूत बांधलंय म्हणत मजूर हात लावेनात, म्हणून तो खिळा मीच उपटला, मग झाड पडलं. त्याच्या टोकाचा हा दाणा.

"बांधलेलं काहून सोडता?" ती हळूच म्हणाली.

"घोटभर पानी जाऊ दे वं," देवराव म्हणाला. "मंग कोनी का येईना."

भर दुपारी बाराला सुरुवात केली. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास. मी छातीवरून चुंबक इंचाइंचाने सरकवत होतो. कृष्णकांतच्या हातातलं रीळ फिरत होतं. दाण्याने अरुंद जागा ओलांडली.

तेवढ्यात वीज गेली. कूलर थांबला. माझ्या हातातलं चुंबक आता नुसतं लोखंड होतं.

रीळ फिरतच राहिलं.

"तू ओढतोयस?" कृष्णकांत कुजबुजला.

"वीजच नाही..."

मी धागा चिमटीत धरला. पलीकडची ओढ थांबायची, दम घ्यायची, पुन्हा ओढायची. देवरावचं डोकं उशीवरून वर उचललं गेलं. त्याचे डोळे माझ्यावर होते.

"सोड... आतून फाटेल तो..." कृष्णकांत म्हणाला.

मी सोडला. दुसरं काही करता आलं असतं का, अजून कळत नाही. रीळ रिकामं झालं, निळं टोक ओठांआड गेलं, आणि त्या शांततेत देवरावने घोट गिळला.

एक्स-रेत दाणा दिसला नाही. वाट मात्र उघडली होती. देवराव पाणी प्यायला लागला. तांब्यावर तांबे. तरी ओठ भेगाळत गेले. तिसऱ्या दिवशी त्याने मला जवळ बोलावलं.

"मास्तर... मले नाही पोचून राहिलं पानी... दुसरंच कोनी पिऊन राहिलं..."

संध्याकाळी तो गेला.

प्रयागबाईने त्याची राख बोटांनी चाळली. दाणा सापडला नाही. मग ती प्रताप नगरात माझ्या खोलीवर आली. "उरलेला खिळा द्या. ठोकून येते."

मी ड्रॉवर उघडला. कानशीने मी टोक उडवलेला खिळा आत होता. त्याला टोक होतं. भोवती निळा धागा, नीट गुंडाळलेला. ओला.

तिने वाकून पाहिलं. हात लावला नाही.

"पन झाड कुठं हाय आता, गा?" म्हणाली, आणि निघून गेली.

हा दुसरा उन्हाळा. बाहेर पत्रे तापून तडतडतायत. रोज दुपारी बाराला मी ड्रॉवर उघडून बघतो.

धागा अजून वाळलेला नाही.