चरखा थांबायचा तेव्हा

उर्शुलेनं ते पुस्तक भावाच्या हातून घेतलं, दोन पानं उलटली, आणि कुणाला काही कळायच्या आत सरळ पेटत्या भट्टीत टाकलं!

नाताळला पाच दिवस उरले होते. पीटर्सबर्गात झारच्या शाळेत मास्तर झालेला तिचा पाठचा भाऊ रापोलस सहा वर्षांनी घरी आला होता, आणि आईसाठी मोठ्या हौसेनं प्रार्थनेचं पुस्तक घेऊन आला होता. भाषा आपलीच, लिथुआनियन. अक्षरं मात्र रशियन! आपल्या अक्षरांत छापणं झारच्या राज्यात गुन्हा होता, आणि सरकारनं फुकट वाटलेली असली पुस्तकं सारं गाव चुलीतच घालत आलं होतं. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसाला हे कळू नये...

"अडाणी ते अडाणीच राहिलात," रापोलस कडाडला. "ताई, तुला माझं कधी काही बघवलंच नाही. मी परक्या गावात शिकत होतो, तेव्हा चार ओळी तरी धाडल्यास का?"

उर्शुलेनं भट्टीत आणखी एक लाकूड सारलं. चौदा वर्षं जे दुःख तिनं गिळलं होतं, ते तिनं आजही गिळलं...

तेवढ्यात कोपऱ्यातला चरखा थांबला.

रापोलस चमकला. लहानपणी आगोता, त्यांची आई, सूत कातत कातत दोघांना वाचायला शिकवायची. शब्द चुकला की ती बोलायची नाही, नुसता चरखा थांबवायची. या सहा वर्षांत तिची दृष्टी गेली होती, कान मात्र तेच होते.

"चुकलास, बाळा," ती म्हणाली. "उर्शुले, पेटीतलं ते काढ."

त्याला कधी काही सांगायचं नाही, या शपथेची उर्शुलेनं तिला आठवण दिली. त्याचं पाप माझ्या माथी, म्हणाली म्हातारी.

लग्नासाठी विणलेल्या कापडांची ती रंगवलेली पेटी, कधी सासरी न गेलेली! तिच्या तळातून उर्शुलेनं एक चुरगळलेलं पान काढलं. अक्षरओळखीच्या पुस्तकाचं पहिलं पान. वर वेड्यावाकड्या अक्षरांत नाव, रापोलस.

मग आगोतानंच सांगितलं. तो शहरातल्या शाळेत गेला, त्याच आठवड्यात शिपाई झडतीला आले. चोरवाटेनं सरहद्दीपलीकडून आलेलं ते पुस्तक त्याच्याच गादीखाली होतं, आणि नाव दिसतं तर शाळा तिथंच संपली असती. एकोणीस वर्षांच्या उर्शुलेनं ते पान फाडून वेणीत खोवलं आणि पुस्तक माझं म्हणून पुढे झाली. आठ महिने तुरुंग! ठरलेल्या सासरानं निरोप धाडून संबंध मोडला. पत्रं नाहीत, कारण वसतिगृहात पत्रं फोडत, आणि तिच्या एका ओळीनं त्याचं सारं उधळलं असतं.

रापोलसनं ते पान हातात घेतलं. "ताई... का केलंस हे?"

"तू शिकावंस म्हणून," ती म्हणाली. "आणि शिकलास तरी आमच्याशी आमच्यासारखं बोलावंस म्हणून."

त्याचे डोळे भरून आले. तिकडचे एक प्राध्यापक आपल्या भाषेसाठी वेडे झालेत, तो अडखळत सांगू लागला. म्हणतात, हिच्याइतकं जुनं आज कुणाच्या तोंडी सापडत नाही, आणि शिकायला महाकठीण. त्यांनी विद्यापीठात नेऊन भर वर्गात त्याला बोलायला लावलं, आणि त्याला चार वाक्यं धड जमली नाहीत.

"जुनी आहे हे त्यांना आत्ता कळलं होय?" आगोता हसली. "आणि कठीण कसली? आमची शेंबडी पोरं बोलतात. वाच."

त्यानं पान उजेडात धरलं. पहिल्याच ओळीला चरखा थांबला. मग पुन्हा. झारच्या शाळेतला मास्तर घामाघूम झाला, मागे जाऊन पुन्हा वाचू लागला, आणि शेवटच्या सात ओळी चरखा अखंड फिरत राहिला. उर्शुलेची मान अभिमानानं ताठ झाली... याच्यासाठीच होतं ते सगळं!

रापोलस उठला. भट्टीजवळचा कोळसा घेऊन तो पानावर वाकला. आवाज नाही म्हणून चरखा पुन्हा थांबला.

"काय करतोयस रे?"

"चूक सुधारतोय, आई."

आपल्या नावाखाली, आपल्याच मनाई असलेल्या अक्षरांत, तो बहिणीचं नाव लिहीत होता. उर्शुलेनं वाकून पाहिलं. अक्षर अजून तसंच वेडंवाकडं होतं.

चरखा फिरू लागला.