शिवल्यांचं कालवण

हितेशने शिवल्यांच्या कालवणाचं अख्खं पातेलं मोरीत ओतलं, आणि आवडाबाई हातातली पळी तशीच धरून बघत राहिल्या...

"निशीच्या रक्तात शिसं निघालंय, आई. खाडीच्या गाळातले धातू शिवल्यांच्या अंगात साठतात, आणि तू सातव्या महिन्यात तिला तेच भरवतेयस. बाळाच्या मेंदूला काय झालं तर मी तुझं तोंड बघणार नाही."

पोटुश्या सुनेला सासूने स्वतः वेचलेल्या शिवल्या, म्हणजे खाडीतले शिंपले, खाऊ घालायच्या, ही त्यांच्या घरची रीत. बाजारातल्या चालत नाहीत. म्हणून तर या वयात आवडाबाई कळव्याच्या खाडीत चिखल तुडवत होत्या. पाण्याला आता कसला वास येतो, ते काय त्यांना कळत नव्हतं? कळत होतं, पण रीत मोडायचा धीर झाला नाही. आपल्याच हातांनी आपण वंशाच्या अंकुराला विष घातलं, असंच त्यांच्या मनाने घेतलं.

त्या दिवसापासून त्या चुलीपाशी फिरकेनात. सुनेच्या पाण्याच्या पेल्याला हात लावायचीही त्यांना धास्ती वाटे. दाराआडून त्या तेवढं विचारत, "हालतंय ना गो?" निशिगंधा मान डोलवी आणि नजर चुकवी. सून रागावलीय, असंच त्या धरून चालल्या.

एका दुपारी निशिगंधा येऊन त्यांच्या पायाशी बसली आणि हुंदके देऊ लागली.

"आई, एवढं शिसं शिवल्यांचं नाही. लहानपणी घराजवळ शिशाचं काम चालायचं का, असं डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं... बाबांचं बॅटरीचं दुकान होतं असं आम्ही सोयरिकीत सांगितलं, ते खोटं. ठाकुर्लीला घरामागेच बाबा जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. माझी आई वारलेली, मला कुठे ठेवणार? भट्टीशेजारी बसवायचे. ते शिसं माझ्या हाडांत जाऊन बसलं. आता बाळाला कॅल्शियम कमी पडलं की माझ्या हाडांतून निघतं, आणि त्याच्याबरोबर शिसंही सुटतं. हितेश बाबांना दारात उभं करणार नाही, या भीतीने मी तुम्हाला बोलणी खाऊ दिली."

आवडाबाईंना आधी एकदम हलकं वाटलं, आणि लगेच त्या हलकेपणाची लाज वाटली. बाळ तर अजून धोक्यातच होतं.

"मग उपाय काय?"

"दूध, नाचणी, गोळ्या. पोटात पुरेसं कॅल्शियम गेलं तर हाडांतून शिसं कमी सुटतं, असं डॉक्टर म्हणाल्या. बाकी... जन्मल्यावरच कळेल."

पाणावलेले डोळे पुसत आवडाबाई उठल्या, कितीतरी दिवसांनी स्वयंपाकघरात शिरल्या आणि नाचणीचा डबा काढला. "हितेसला काय बोलू नको. शिवल्यांचाच नाव राहू दे. माझा पोऱ्या माझेवर किती दिस रुसेल?"

"नाही आई. आता नाही." निशिगंधाने त्यांचा हात घट्ट धरला आणि बाहेरच्या खोलीतल्या नवऱ्याला हाक मारली. रडत, अडखळत तिने सगळं सांगितलं.

हितेशला आईकडे वर बघवेना. "आई, मी तुला काय काय बोललो..." एवढंच म्हणाला, आणि मग सगळा संताप सासऱ्यावर निघाला. "त्या माणसाने पोटच्या पोरीला विषात बसवलं? पाय नाही ठेवू देणार त्याला या घरात."

"गप ऱ्हा." आवडाबाईंचा आवाज बारीक होता, पण हितेश थांबला. "बायकू गेलेली, लहान पोर, तो कुठं ठेवील ती? आनि पोर तर बाजूला बसायची. भट्टीवर वाकायचा तो. त्याचा रगत कोनी तपासला का?"

कोणीच तपासलं नव्हतं. बाबांचे हात दोन वर्षांपासून थरथरत होते, चहाचा कप त्यांना धरवत नव्हता, आणि निशिगंधाने ते सारं वयावर घातलं होतं.

हितेशने गाडीची किल्ली घेतली. "मी घेऊन येतो त्यांना," तो म्हणाला.