पहिली ओटी

ही गोष्ट खरी आहे. नावंसुद्धा बदललेली नाहीत. गंधालीच म्हणाली, "बदलू नको. ज्याले विचारायचं असन त्यानं घरी येऊन विचारावं."

गंधाली माझी मावसबहीण. जिभेने तिखट, पण थापा मारणाऱ्यातली नाही.

दिवस गेल्या मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. जागा रायपूर, ब्राह्मणपारा. वेळ दुपारी साडेतीन.

हो, दुपारचीच. अशा गोष्टींना अमावास्येची रात्रच लागते, असं कोणी सांगितलं तुम्हाला?

दोन वर्षांपूर्वी गंधालीचं नरेंद्रशी लग्न झालं. त्याचं हे दुसरं. पहिली बायको मीरा डेंग्यूने गेली, त्याला आता चार वर्षं झाली. नरेंद्र माणूस सरळ. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. फक्त बोलत नाही. जेवताना 'मीठ दे', झोपताना 'लाइट बंद कर'. मीरा होती तेव्हा हाच माणूस पोट धरून हसायचा, असं अख्खा मोहल्ला सांगायचा.

ते ऐकलं की गंधालीचा नुसता जळफळाट व्हायचा. जिवंत सवत असती तर दोन हात तरी करता आले असते. मेलेलीशी भांडायचं कसं?

म्हणून तिने ही यात्रा काढली. पाच दिवस, चार देवी. रतनपूर, महानदीकाठचं चंद्रपूर, डोंगरगड आणि दंतेवाडा. घरची गाडी, आणि फक्त दोघं. सासूबाईंचे, म्हणजे इंदूताईंचे, गुडघे धरलेले, त्या येणार नव्हत्या. पाच दिवस शेजारी बसल्यावर तरी हा माणूस आपल्याशी बोलेल, एवढीच तिची आशा होती.

ती बेत आखायला बसली, तर नरेंद्रने कपाटातून एक वही आणून पुढ्यात ठेवली.

"मीरानं सारं काढून ठेवलं होतं. कुठं थांबायचं, कुठं गरम पाणी भेटते. जाणं तेवढं राहून गेलं. तू काहून मेहनत करून राहिली?"

गोल, सुरेख अक्षर. पहिल्याच पानावर लिहिलेलं... 'आधी रतनपूर.'

गंधालीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आपण आधी दंतेवाड्याले जाऊ," ती म्हणाली. "उलटं. माझ्या मनानं."

"हव," नरेंद्र म्हणाला. म्हणजे 'हो'. बस, एवढंच.

निघायच्या आदल्या दिवशी, त्या गुरुवारी, ती देवीच्या ओट्या भरायला बसली. खण, नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड.

"पाच भर," सासूबाई म्हणाल्या. "पहिली मीराची. भरल्या कुंकवानं गेली ती. घरातून देवीले जायचं तं आधी तिले द्या लागते. सांजेले शेजारच्या अपर्णाच्या पदरात घाल तिच्या नावानं."

सांगून त्या आत आडव्या झाल्या.

गंधालीने पाचही भरल्या. पाचवीकडे बघत बसली. मग तिने ती सोडली. नारळ टोपलीत, तांदूळ डब्यात. हिरवा खण स्वतःच्या कपाटात, साड्यांखाली.

"चार देवी, चार ओट्या," ती मोठ्याने म्हणाली. "तू कोण लागून गेलीस?"

आणि तेवढ्यात...

टिंग... टिंग... टिंग...

आवाज दारातून येत होता. नरेंद्र गाडी सुरू करून बघत होता. पुढच्या सीटवर बसलेल्याने पट्टा लावला नाही की गाडी वाजते ना, तोच आवाज.

गंधाली बाहेर आली.

सीट रिकामी होती.

पिशवी नाही, पाण्याची बाटली नाही. नरेंद्रने सीट झटकली, दाबून पाहिली. आवाज थांबेना.

"सेन्सर खराब झाला असन," तो म्हणाला. आणि त्याने पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून अलगद घेतला आणि खट्कन लावला.

आवाज थांबला.

गंधालीला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर राग आला. दोन वर्षांत त्याने तिचा पट्टा असा एकदाही लावून दिला नव्हता.

शुक्रवारी सकाळी दोघं निघाले. गाडी धमतरी रोडला लागायला हवी होती. ती बिलासपूर रोडला लागली.

"इकडून कुठं?"

"रतनपूर. तूच तं म्हणाली आत्ता चहा घेताना, आधी रतनपूरच घेऊ."

चहाच्या वेळी गंधाली आंघोळीला गेली होती.

तिला वाटलं, साफ खोटं बोलतोय. याला मीराच्या वहीप्रमाणेच जायचंय, आणि वर माझं नाव घेतोय. तिने तोंड मिटून घेतलं. गंधाली रुसली म्हणजे रुसली. पाच दिवस 'हो' आणि 'नाही' यापलीकडे शब्द नाही. खिडकीकडे तोंड करून बसायची.

नरेंद्र मात्र खुशीत होता. मध्येच मान हलवायचा. मध्येच 'हव ना!' म्हणायचा. मध्येच... खदखदून हसायचा.

कानात फोनचं ते यंत्र असेल, असं तिला वाटलं. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

मंगळवारी दुपारी घरी पोचले. सासूबाई पाणी घेऊन आल्या आणि नरेंद्र बोलतच सुटला.

"आई, पाच दिवस कसे गेले समजलंच नाही! गंधाली एवढं बोलते हे मले मालूमच नव्हतं. पुऱ्या रस्त्यानं हसवलं हिनं. चंद्रपूरच्या पुलावर तं कमाल! लहानपणी तिथं नावेतून हिची एक चप्पल पाण्यात पडली. तं हिनं दुसरीबी फेकून दिली. म्हणे, जोडीनं राहू दे बिचाऱ्या!"

सासूबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

गंधाली चंद्रपूरला जन्मात पहिल्यांदा गेली होती.

नरेंद्र तिच्याकडे बघून हसला. थेट डोळ्यांत बघून. लग्न झाल्यापासून ती याच हसण्याची वाट बघत होती.

ती पिशव्या उचलून आत गेली.

स्वयंपाकघरात सासूबाईंनी तिचा हात धरला.

"मीराचे बाबा चंद्रपूरले मास्तर होते. हे चप्पलचं तिनं मले दवाखान्यात सांगितलं. शेवटच्या दिवशी. नरेंद्रले नाही माहीत. ओटी दिली होती ना, पोरी?"

गंधालीने मान खाली घातली.

"आजच भर. समाधान झालं की जाईन ती."

"हव आई," गंधाली म्हणाली.

गेल्या रविवारी भर दुपारी मी तिला फोन केला. मागे नरेंद्रचं हसणं ऐकू येत होतं.

"पाहुणे आलेत का गं?"

"नाही. आई देवळात गेल्या. हे एकटेच बसलेत समोरच्या खोलीत."

"आणि ती ओटी? भरलीस ना?"



"खण कपाटातच आहे," ती हळूच म्हणाली. "मी काही बोलले तं हे अजूनही 'हं' म्हणतात अन् पेपर वाचतात. ती बोलली की मी समजून हसतात. मले तिचा गळा धरावासा वाटते. पण ओटी भरली अन् ती गेली... तं या घरात माझ्या नावानं कोण हसन?"



तेवढ्यात समोरच्या खोलीतून नरेंद्रची हाक आली.

"गंधाली! ऐक ना..."

"आले हं!"

उत्तर लगेच गेलं. गोड, हसऱ्या आवाजात. आवाज गंधालीचाच होता.

पण माझ्या कानाशी, फोनवर... गंधाली हुंदके देत होती.